भोक रसायनाचं, माप वाऱ्याचं

२०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरत होता. गाड्या थांबल्या, कारखाने थांबले आणि ओझोनचं भोक आपोआप बुजलं, असा त्याचा आशय. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. गंमत म्हणजे त्यातला अर्धा भाग खरा होता. उत्तर ध्रुवावर त्या वसंतात ओझोनचा खरोखरच मोठा खड्डा पडला होता आणि एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो भरूनही आला. पण टाळेबंदीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. ओझोन खाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी कुळातली रसायनं वातावरणात पन्नास-शंभर वर्षं टिकून राहतात. महिनाभर रिक्षा बंद ठेवल्याने त्यांना काय होणार? खड्डा भरला तो वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवरचा एक भोवरा फुटला म्हणून. आणि मुळात तो इतका खोल गेला, तो हाच भोवरा त्या हिवाळ्यात फुटायचं नावच घेत नव्हता म्हणून.

ओझोनची गोष्ट आपण शाळेपासून रसायनशास्त्राची म्हणून शिकतो. फवाऱ्याचे डबे, फ्रीज, क्लोरीनचा एक अणू आणि त्याने फोडलेले ओझोनचे हजारो रेणू. ही गोष्ट खरी आहे आणि सीएफसीला आवर घालणारा १९८७ चा माँट्रियल करार तिच्यावरच उभा राहिला. पण भोक ध्रुवावरच का, दक्षिणेलाच दरवर्षी का, अमुक वर्षी केवढं आणि कधीपर्यंत, असे प्रश्न विचारायला लागलं की रसायन अडखळतं आणि वाऱ्याला साक्षीला बोलवावं लागतं. हा आढावा त्या साक्षीचा.

आधी एक साधं कोडं. ओझोन बनतो सूर्याच्या अतिनील किरणांनी. ऑक्सिजनचा रेणू फुटतो, सुटा अणू दुसऱ्या रेणूला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. सिडनी चॅपमन यांनी १९३० मध्ये हे गणित मांडलं. मग ऊन जिथे जास्त, तिथे ओझोन जास्त असायला हवा. विषुववृत्तावर भरपूर, ध्रुवावर नावापुरता. प्रत्यक्षात उलट आहे. ओझोन मोजतात डॉबसन एककांत. डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवर आणून शून्य अंश तापमानाला पसरला, तर त्याचा थर जगाच्या सरासरीने जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा होईल. तेवढी जाडी म्हणजे ३०० एककं. उष्णकटिबंधात हा आकडा वर्षभर अडीचशेच्या आसपास रेंगाळतो. उत्तर ध्रुवाकडे मात्र वसंतात तो साडेचारशेच्या घरात जातो, तेही सहा महिन्यांच्या रात्रीतून प्रदेश नुकता बाहेर पडत असताना. जिथे कारखाना, तिथे माल नाही. जिथे माल, तिथे कारखाना बंद.

हे कोडं पुढे आणणारे गॉर्डन डॉबसन ऑक्सफर्डचे. त्यांनी १९२० च्या दशकात स्वतःच्या प्रयोगशाळेत ओझोन मोजायची उपकरणं बनवली, आधी युरोपभर वाटली, मग १९२८-२९ च्या सुमाराला ती जगाच्या चार कोपऱ्यांत पाठवली. त्यांतलं एक आपल्याकडे कोडाईकनालला आलं. तिथल्या नोंदींनी दाखवून दिलं की उष्णकटिबंधावर ओझोन कमी असतो आणि वर्षभर फारसा हलत नाही. डॉबसन यांनी तेव्हाच अंदाज केला की वरच्या थरांत ओझोन विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे वाहून नेणारा एखादा संथ प्रवाह असावा. पण ठोस पुरावा हाती नव्हता, म्हणून त्यांनी तो अंदाज पुढे रेटला नाही. याबद्दल मला डॉबसन यांचं कौतुक वाटतं. आवडलेल्या कल्पनेला पुराव्याअभावी बाजूला ठेवणं फार थोड्यांना जमतं.

पुरावा आला तो पाण्याच्या वाफेतून, आणि त्याच्या मुळाशी युद्ध होतं. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या विमानांमागे पांढरे पट्टे उमटत आणि शत्रूला विमान सापडे. त्यामुळे ब्रिटिशांना वरच्या हवेतली आर्द्रता मोजायची होती. ॲलन ब्रूअर यांनी डॉबसन यांच्यासोबत त्यासाठी उपकरण घडवलं आणि मोजमापं घेतली. इंग्लंडवरच्या स्थितांबराची, म्हणजे ओझोन जिथे साठतो त्या वरच्या थराची, हवा कल्पनेपलीकडे कोरडी निघाली. तिथल्या तापमानाला ती इतकी कोरडी होऊच शकत नव्हती. हवेतली वाफ इतकी गोठून गळायची असेल तर ती हवा आधी याहून फार थंड जागेतून गेलेली असली पाहिजे. अशी जागा एकच: उष्णकटिबंधावर सोळा-सतरा किलोमीटर उंचीवरचा थर, जिथे तापमान उणे ८० अंशांच्याही खाली उतरतं. पृथ्वीवरची सर्वांत थंड हवा ध्रुवावर नसून विषुववृत्ताच्या डोक्यावर आहे, हे चित्र १९२९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात काढून दाखवणारे होते भारतीय हवामान खात्यातले के. आर. रामनाथन. ब्रूअर यांनी १९४९ मध्ये निष्कर्ष मांडला: स्थितांबरात हवा शिरते ती उष्णकटिबंधातल्या या थंडगार दारातून, वर चढते, ध्रुवांकडे सरकते आणि तिथे खाली उतरते. आज याला ब्रूअर-डॉबसन अभिसरण म्हणतात. ओझोन याच वाटेने प्रवास करतो. वर, जिथे ऊन प्रखर आहे तिथे तो बनतो आणि मोडतोही. खालच्या स्थितांबरात उतरला की तो महिनोन्महिने टिकतो. म्हणून खालच्या थरात कुठे किती ओझोन, हे ऊन ठरवत नाही, वाहतूक ठरवते.

या वाहतुकीला वेळ फार लागतो. उष्णकटिबंधातून वर शिरलेली हवा ध्रुवापाशी उतरेपर्यंत चार-सहा वर्षं सहज जातात. सीएफसीचा प्रवासही याच गाडीने होतो. हे वायू बहुतांशी उत्तर गोलार्धात सोडले गेले, मग मोठं भोक दक्षिणेत कसं? खालच्या वातावरणात ते एक-दोन वर्षांत जगभर सारखे मिसळतात. मग उष्णकटिबंधातून वर चढतात, उंचावर उन्हाने फुटतात आणि त्यांतलं क्लोरीन दोन्ही ध्रुवांवर उतरतं. ओझोन पोचवणारी आणि ओझोनचा मारेकरी पोचवणारी वाट एकच.

पण ही वाट चालवतं कोण? तापलेली हवा वर जाते आणि गार हवा खाली येते, हे शालेय उत्तर इथे पुरत नाही. फुगडी घालणाऱ्या दोघी जवळ ओढल्या गेल्या की गिरकी वाढते. तसं ध्रुवाकडे निघालेली हवा पृथ्वीच्या अक्षाजवळ येते आणि तिची गिरकी वाढत जाते. एका मर्यादेनंतर ती नुसती गोल गोल फिरत राहते, ध्रुवाकडे सरकतच नाही. तिला पुढे सरकायचं असेल तर कुणीतरी तिच्या गिरकीला खीळ घालायला हवी. ही खीळ खालून येते. ओढ्यात मोठा दगड असला की पाण्यावर लाटा उठतात. तशाच हिमालय, तिबेट आणि रॉकी पर्वतांवरून, जमीन-समुद्राच्या तापमानातल्या फरकांमधून वाऱ्यात प्रचंड लाटा उठतात. एका लाटेची लांबी हजारो किलोमीटर. या लाटा हिवाळ्यात स्थितांबरापर्यंत चढतात, तिथे किनाऱ्यावर फुटाव्यात तशा फुटतात आणि पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला ब्रेक लावतात. ब्रेक लागला की हवा ध्रुवाकडे सरकते आणि खाली उतरते. ज्युल चार्नी आणि फिलिप ड्रॅझिन यांनी १९६१ मध्ये दाखवलं की या लाटांना वर चढायला पश्चिमेचा वारा लागतो, आणि तोही फार जोराचा चालत नाही. उन्हाळ्यात स्थितांबरात वारा पूर्वेकडून वाहतो, तेव्हा दार बंद. म्हणून ओझोनची ही वाहतूक मुख्यतः हिवाळ्याचा धंदा आहे, आणि उत्तर ध्रुवावर ओझोन साठून शिगेला पोचतो तो वसंतात.

आता दोन गोलार्धांमधला फरक उलगडतो. उत्तरेत डोंगरांची आणि खंडांची गर्दी, त्यामुळे लाटा दणकट. दक्षिणेत चाळीस ते साठ अक्षांशांदरम्यान जवळपास सगळा समुद्रच. लाटा उठतात, पण अशक्त. हिवाळ्यात ध्रुवाभोवती जो भोवरा तयार होतो, त्याच्या कडेचा वारा दक्षिणेत तीस किलोमीटर उंचीवर ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातो. उत्तरेतला सरासरी वेग याच्या निम्म्याच्याही खाली राहतो. दक्षिणेचा भोवरा गोल, घट्ट आणि थंड. उत्तरेचा वाकडातिकडा, धक्के खात राहणारा, मधूनच कोसळणारा.

डॉबसन यांना हा फरक १९५६-५७ मध्ये दिसला होता, आणि तेव्हा तो त्यांना पटला नव्हता. आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षासाठी अंटार्क्टिकातल्या हॅली बे तळावर त्यांचं उपकरण गेलं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या नोंदी आल्या, त्या उत्तरेतल्या स्पिट्सबर्गेनवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा दीडशे एककांनी कमी. पहिला संशय उपकरणावर गेला, दुसरा ते चालवणाऱ्यावर. मग नोव्हेंबरात आकडा एकाएकी वर उसळला. पुढच्या वर्षी तेच पुन्हा झालं, तेव्हा उलगडा झाला: दक्षिणेचा भोवरा वसंतातही टिकून राहतो आणि बाहेरचा ओझोन आत येऊ देत नाही. तो फुटला की नोव्हेंबरात ओझोनचा लोंढा आत शिरतो. ‘ओझोनचं भोक १९५६ मध्येच होतं, सीएफसीला उगाच दोष’ असं म्हणणारे लोक याच नोंदींचा हवाला देतात. त्यांनी आकडे पाहिलेले नसतात. तेव्हाच्या ऑक्टोबरात हॅलीवर सुमारे ३०० एककं होती. ती होती वाऱ्याने बांधलेली नैसर्गिक भिंत. भिंतीच्या आत काही जळत नव्हतं.

जळायला लागलं १९७० च्या दशकाअखेरीस. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी मे १९८५ मध्ये हॅलीच्या नोंदी छापल्या. ऑक्टोबरचं सरासरी प्रमाण दोनशेच्या खाली घसरलं होतं. जपानच्या स्योवा तळावरून शिगेरु चुबाची यांनी त्याच्या आधीच्या वर्षी तशाच कमी आकड्यांकडे बोट दाखवलं होतं. फार्मन यांच्या लेखात वाऱ्याचा उल्लेख होता: खालच्या स्थितांबरातलं अभिसरण बदललेलं दिसत नाही, तेव्हा रासायनिक कारणांचा विचार व्हावा. पण वाऱ्यावाल्यांना हे मान्य नव्हतं.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत रंगतदार वाटतात ती त्यानंतरची दोन वर्षं. तीन पक्ष होते. एक म्हणे, क्लोरीन. दुसरा म्हणे, सूर्याच्या चक्रामुळे वरच्या वातावरणात तयार झालेली नायट्रोजनची संयुगं. तिसरा वाऱ्याचा: अंटार्क्टिकावर वसंतात हवा खाली उतरण्याऐवजी वर चढू लागली असेल, तर खालची ओझोन नसलेली हवा वर येऊन थर पातळ होईल. कुणी काही नासवलेलं नाही, फक्त माल इकडून तिकडे गेला. या कल्पनेत काहीच वेडेपणा नव्हता. ओझोनचा निम्मा इतिहास वाऱ्यानेच तर लिहिलेला होता. १९८६ मध्ये सुसान सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी मॅकमर्डो तळावर गेली. १९८७ मध्ये चिलीच्या पुंता अरेनासहून ईआर-२ हे विमान अठरा-वीस किलोमीटर उंचीवरून थेट भोवऱ्यात घुसलं. निकाल दोन मोजमापांनी लागला. पहिलं जेम्स अँडरसन यांचं: भोवऱ्यात शिरताच क्लोरीन मोनॉक्साइड झपाट्याने वाढत होतं आणि ओझोन त्याच प्रमाणात कोसळत होता. दोन आलेख जणू आरशातल्या प्रतिमा. दुसरं मोजमाप कमी प्रसिद्ध आहे, पण वाऱ्याच्या दाव्याचा निकाल त्यानेच लावला. नायट्रस ऑक्साइड हा वायू जमिनीवर तयार होतो आणि वर जाताना कमी होत जातो. हवा वर चढत असती तर भोवऱ्यात तो जास्त मिळायला हवा होता. मिळाला तो फार कमी. म्हणजे हवा वरून खाली उतरत होती. वाऱ्याची मांडणी पडली, तीही वाऱ्याच्याच खुणेने.

तरी वारा खटल्यातून सुटला नाही, फक्त त्याच्यावरचं कलम बदललं. रसायनाला हवी ती जागा वाराच तयार करून देतो. घट्ट भोवऱ्यात उबदार हवा मिसळत नाही, त्यामुळे आतलं तापमान उणे ७८ अंशांखाली जातं. तिथे नायट्रिक आम्ल आणि पाण्याचे बारीक कण गोठून ढग बनतात. नॉर्वे-स्वीडनकडे डोंगरांच्या आडोशाला हे ढग कधीकधी दिसतात. शिंपल्याच्या आतल्या बाजूला असते तशी झळाळी, बघत राहावं असं रूप. याच कणांच्या पृष्ठभागावर निरुपद्रवी संयुगांत अडकलेलं क्लोरीन सुटतं. मग सप्टेंबरात ऊन परतलं की ओझोन झपाट्याने फुटतो. दक्षिण ध्रुवावरून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदीत ऑक्टोबरच्या सुरुवातीला चौदा ते वीस किलोमीटरचा पट्टा जवळजवळ कोरा दिसतो. भिंत तशीच उभी असल्यामुळे बाहेरून भर पडत नाही.

ही भिंत किती घट्ट, यावर १९९० च्या आसपास खडाजंगी झाली. एक बाजू म्हणे, भोवरा हे झाकण लावलेलं भांडं आहे, आतलं आत, बाहेरचं बाहेर. दुसरी म्हणे, भोवरा पिठाच्या गिरणीसारखा आहे. एका बाजूने हवा आत जाते, तिचा ओझोन दळला जातो आणि ती दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. हा वाद नुसता शब्दांचा नव्हता. गिरणी खरी असती, तर मधल्या अक्षांशांवरचा ओझोनही मोठ्या प्रमाणावर ध्रुवावर दळला जात असणार होता, म्हणजे वस्त्यांच्या डोक्यावरचा. मायकेल मॅकिंटायर यांच्यासारख्या सिद्धान्तकारांनी भोवऱ्याच्या कडेला ‘फेसाळ किनारा’ कल्पिला होता: बाहेर लाटा फुटतात, हवा घुसळते, पण खुद्द कड लवचिक रबरासारखी वाकते आणि तुटत नाही. पुढच्या मोजमापांनी भांड्याच्या बाजूने कौल दिला, एका अटीसह. तळाशी, सुमारे सोळा किलोमीटरखाली, हे भांडं झिरपतं.

हे वाद बाजूला ठेवले तरी भिंतीची खरी कसोटी लागली ती २०२२ मध्ये. त्या वर्षी १५ जानेवारीला टोंगाजवळचा समुद्राखालचा हुंगा ज्वालामुखी फुटला. त्याने सुमारे पंधरा कोटी टन पाण्याची वाफ एका फटक्यात स्थितांबरात टाकली. त्या थरातली एकूण वाफ सुमारे दहा टक्क्यांनी वाढली. जास्त वाफ म्हणजे जास्त ढग, म्हणून सगळ्यांचं लक्ष अंटार्क्टिकाकडे लागलं. पण वाफ तिथपर्यंत पोचेपर्यंत त्या वर्षीचा भोवरा उभा राहिला होता. वाफ त्याच्या कडेपाशी साचली आणि आत शिरू शकली नाही. तिला प्रवेश मिळाला तो पुढच्या वर्षी, नवा भोवरा तयार होताना.

भोवरा कोसळतो कधी? फ्री युनिव्हर्सिटी बर्लिनचे रिचर्ड शेरहाग यांनी १९५२ मध्ये फुग्यांच्या नोंदींत एक विलक्षण प्रकार पाहिला. काही दिवसांत स्थितांबराचं तापमान तीस-चाळीस अंशांनी चढलं होतं. या आकस्मिक उष्णतेचं स्पष्टीकरण जपानचे तारो मात्सुनो यांनी १९७१ मध्ये दिलं: खालून आलेल्या दणकट लाटा फुटून भोवऱ्याला थांबवतात, कधी ध्रुवावरून ढकलून देतात, कधी दोन तुकडे करतात. उत्तरेत हे दर दशकात साधारण सहा वेळा घडतं. दक्षिणेत नोंदींच्या काळात मोठी घटना एकच. सप्टेंबर २००२ मध्ये भोवरा दुभंगला आणि त्यासोबत ओझोनचं भोकही दोन तुकड्यांत फाटलं. उपग्रहाच्या चित्रावर दोन शेजारी-शेजारी डाग. अभ्यासकांनीही आधी डोळे चोळले.

लाटांचा हा मार दोन तऱ्हेने काम करतो आणि दोन्हीचा परिणाम एकाच दिशेला जातो, हे मला या विषयाचं मर्म वाटतं. लाटा जोरात, तर उष्णकटिबंधातून जास्त ओझोन ध्रुवाकडे येतो. शिवाय खाली उतरणारी हवा दबून तापते, त्यामुळे ढग बनत नाहीत आणि असलेला ओझोन वाचतो. लाटा अशक्त, तर पुरवठाही कमी आणि नासाडीही जास्त. उत्पन्न घटलेल्या वर्षीच घरात दुखणं निघावं तसं. म्हणून एकाच प्रमाणात क्लोरीन असताना दोन सलग वर्षांत भोक निम्मं किंवा दुप्पट होऊ शकतं.

२०१९ आणि २०२० ही जोडी याचं चोख उदाहरण. २०१९ च्या ऑगस्टअखेरीस दक्षिणेत लाटांनी भोवरा हादरवला. सप्टेंबरात वीस किलोमीटरवरचं तापमान नेहमीपेक्षा सोळा अंशांनी जास्त होतं. ८ सप्टेंबरला भोकाचं क्षेत्र १ कोटी ६४ लाख चौरस किलोमीटरवर गेलं आणि तिथून ते घसरत एक कोटीच्या खाली आलं. इतकं लहान भोक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर झालं नव्हतं. वर्तमानपत्रांनी आनंदाच्या बातम्या छापल्या. पुढच्या वर्षी भोवरा इतका चिवट निघाला की भोक मोठं झालं आणि डिसेंबरच्या अखेरपर्यंत टिकलं. क्लोरीन दोन्ही वर्षी जवळपास तेवढंच. आणि २०१९ चा परिणाम वरच्या हवेत राहिला नाही. भोवऱ्याचा धक्का पुढच्या आठवड्यांत खाली झिरपला, पश्चिमी वारे विषुववृत्ताकडे सरकले आणि पूर्व ऑस्ट्रेलियात वसंत जास्त कोरडा, जास्त उष्ण झाला. वणव्यांच्या त्या भयंकर हंगामाला त्याने हातभार लावला.

उत्तरेतही तसंच, फक्त फरक आणखी टोकाचे. मार्च २०२० मध्ये उपग्रहांनी आर्क्टिकवर २०५ एककांपर्यंतची नीचांकी नोंद केली. बर्फात अडकवून ठेवलेल्या पोलरस्टर्न जहाजावरून फुगे सोडले जात होते, त्यांनाही अठरा किलोमीटरच्या आसपास ओझोन जवळपास संपलेला दिसला. कारण त्या हिवाळ्यात लाटा निजल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये मात्र आर्क्टिकचं महिन्याचं सरासरी प्रमाण ४७७ एककांवर गेलं, उपग्रहयुगातलं मार्चचं सर्वोच्च. कारण त्या हिवाळ्यात लाटांनी धुमाकूळ घातला होता. चार वर्षांच्या अंतराने एकाच आकाशाचे हे दोन टोकांचे आकडे.

या हेलकाव्यांना विषुववृत्तावरूनही एक ताल मिळतो. तिथल्या स्थितांबरात वारा साधारण अठ्ठावीस महिन्यांनी पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि पुन्हा उलट फिरतो. रिचर्ड रीड आणि आर. ए. एब्डन यांनी हे १९६० च्या सुमाराला ओळखलं. काही वर्षांतच रामनाथन यांनी उष्णकटिबंधातल्या ओझोनमध्ये तोच द्वैवार्षिक ठेका दाखवून दिला. हा वारा पूर्वेकडून वाहत असतो त्या हिवाळ्यांत उत्तर ध्रुवाचा भोवरा सरासरीने दुबळा राहतो. विषुववृत्तावरचा वारा ध्रुवाच्या ओझोनचा भाव ठरवतो, असं पन्नास वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर ते अतिशयोक्त वाटलं असतं.

भोकाची जागाही वारा हलवत राहतो. भोवरा ध्रुवावर नेमका बसलेला नसतो, तो अटलांटिकच्या बाजूला थोडा कललेला असतो. म्हणून हॅली बऱ्याचदा भोकाच्या पोटात असतं, तर पलीकडच्या बाजूचा फ्रेंच द्युमों द्युर्विल तळ अनेकदा त्याच्या कडेवर. फार्मन यांच्या हाती आलेल्या आलेखाला या भूगोलाची साथ होती. भोवरा लांबट झाला की त्याचं टोक पुंता अरेनास आणि उशुआयावरून जातं आणि तिथे उन्हाचा इशारा लाल होतो. आणि भोवरा फुटला की त्यातली ओझोनहीन हवा तुकड्या-तुकड्यांनी बाहेर सुटते. १९८७ च्या डिसेंबरात ती ऑस्ट्रेलियापर्यंत गेली होती.

भारताचा ‘मैत्री’ तळ शिर्माकर ओअॅसिसमध्ये, जवळपास ७१ अंश दक्षिणेला आहे, म्हणजे याच अटलांटिककडच्या बाजूला. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातून निघाली, आणि या मोहिमांचा कारभार आजही गोव्यातल्याच वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रातून चालतो. हवामान खातं मैत्रीवरून ओझोन मोजणारे फुगे सोडत आलं आहे. पुण्यावरूनही असेच फुगे सोडले गेले आहेत. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की सगळा विषय डोळ्यांपुढे उभा राहतो. पुण्याचा वर्षभर शांत, कंटाळवाणा म्हणावा असा. मैत्रीचा सप्टेंबर-ऑक्टोबरात पोटाशी खचलेला आणि भोवरा फुटल्यावर काही आठवड्यांत भरून आलेला.

आता उलटा प्रवाह. वारा ओझोनला घडवतो, तसा ओझोनही वाऱ्याला घडवतो. ओझोन अतिनील किरण शोषतो आणि हवा तापवतो. तो गेला की वसंतातलं स्थितांबर थंड राहतं, भोवरा जास्त घट्ट होतो आणि उशिरा फुटतो. म्हणजे भोक स्वतःच स्वतःचं आयुष्य वाढवतं. डेव्हिड थॉम्पसन आणि सॉलोमन यांनी २००२ मध्ये दाखवलं की हा बदल जमिनीपर्यंत येतो: दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यात पश्चिमी वारे ध्रुवाकडे सरकले. २००० नंतर, कराराचा परिणाम दिसू लागल्यावर, ही सरक थांबल्याचं अंतरा बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये नोंदवलं. कागदावर सही केलेल्या करारामुळे वाऱ्याची वाटचाल थांबल्याची अशी उदाहरणं विरळाच.

मग भोक खरंच भरतंय का? वाऱ्याच्या गोंगाटात हे ऐकायचं कसं, हाच मोठा प्रश्न होता. सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक चतुराई केली. सगळे बघतात तो ऑक्टोबर सोडून त्यांनी सप्टेंबर घेतला. सप्टेंबरात रसायनाचा जोर असतो आणि वाऱ्याची ढवळाढवळ अजून कमी असते. ऑक्टोबरपर्यंत वारा इतका मध्ये पडलेला असतो की क्लोरीन कमी झाल्याची खूण पुसली जाते. सप्टेंबरात सुधारणा स्पष्ट दिसली. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या मूल्यमापनानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीवर परतायला २०६६ च्या आसपासचा काळ उजाडेल, आर्क्टिकवर २०४५ च्या सुमाराला. या तारखांच्या मध्ये २०१९ सारखी सुखद आणि २०२० सारखी दुःखद वर्षं येतच राहणार. दोन्हींवर मथळे होणार, आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा हात जोडले जाणार.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. जवळपास सगळी संगणकीय प्रारूपं सांगतात की हरितगृह वायू वाढले की ब्रूअर-डॉबसन अभिसरणाचा वेग वाढतो, दर दशकाला दोनेक टक्क्यांनी. तसं झालं तर मधल्या आणि वरच्या अक्षांशांवर ओझोन पूर्वीपेक्षाही जास्त होईल, आणि आपल्यासारख्या उष्णकटिबंधातल्या लोकांच्या डोक्यावरचा थोडा कमी. हवेचं वय मोजून हे तपासता येतं: हवा स्थितांबरात शिरून किती वर्षं झाली हे कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या प्रमाणावरून कळतं. अभिसरण वेगवान झालं असेल तर हवा तरुण व्हायला हवी. आंद्रेआस एंगेल आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासूनच्या उत्तर गोलार्धातल्या फुग्यांच्या नोंदी २००९ मध्ये एकत्र केल्या. चोवीस किलोमीटरच्या वरची हवा त्यांना तरुण झालेली दिसली नाही, उलट किंचित म्हातारीच दिसली. प्रारूपं चुकतात की फुगे पुरेसे नाहीत, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. आणि हॅलीवर, जिथून या गोष्टीने वळण घेतलं, तिथल्या हिमतटाला भेगा पडल्यामुळे २०१७ पासून हिवाळ्यात कुणी राहत नाही. भोवरा उभा राहतो तेव्हा तिथे आता फक्त यंत्रं जागी असतात.